तलवाड्यापासून विमानापर्यंत
दुर्गम भागाच्या हवाई दळणवळणाचा एक अभ्यास

बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यातील तलवाडा हे त्वरितादेवीच्या स्थानामुळे परिसरात परिचित असलेले गाव. देवीच्या नावातच त्वरा आहे. गावाच्या दळणवळणाच्या वाट्याला मात्र ती फारशी आली नाही. जिल्ह्याचे मुख्य ठिकाण असलेल्या बीड शहराला रेल्वेगाडी पाहावयास मिळाली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी. अहिल्यानगर-बीड-परळी या २६१ किलोमीटरच्या मार्गाला मंजुरी मिळाल्यापासून तीन दशके लोटल्यावर हा दिवस उगवला. २०११ च्या जनगणनेनुसार २५ लाख ८५ हजार लोकसंख्या असलेल्या या जिल्ह्यात नियमित प्रवासी सेवेचा विमानतळ नाही.

अशा जिल्ह्यात विमानतळाची मागणी होणे अगदी स्वाभाविक आहे. शेजारच्या जिल्ह्यात धावपट्टी झाली, मग आपल्याकडे का नको, हा प्रश्न ग्रामसभेत, शिक्षकांच्या बैठकीत आणि तालुक्याच्या कचेरीत सारख्याच तळमळीने विचारला जातो. परंतु मागणी करण्यापूर्वी एका गोष्टीचा निवाडा आपण मनाशी करून घेतला पाहिजे. आपणांस हवे आहे ते नेमके काय? विमानतळ की विमानसेवा? वरवर पाहता हे दोन्ही शब्द एकच वाटतात. गेल्या काही वर्षांचा राज्याचा व देशाचा अनुभव मात्र असे सांगतो की, या दोहोंत मोठे अंतर आहे आणि ते न ओळखल्यास जमीन जाते, पैसा जातो व विमान मात्र येत नाही. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा क्रमाने विचार केला आहे.

थोडा पूर्वेतिहास

भारतातील नियमित हवाई वाहतुकीचा प्रारंभ प्रवाशांनी नव्हे, तर टपालाने झाला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू विमानतळावर टपाल आणले आणि तेथून नेव्हिल व्हिन्सेंट यांनी ते बल्लारीमार्गे मद्रासकडे नेले. विमान लहान, एका इंजिनाचे. परंतु त्यामागे ठरलेल्या वेळी ठरलेल्या ठिकाणी पोहोचण्याचा निश्चय होता.

या संदर्भात महाराष्ट्राने विशेष लक्षात ठेवावे असे एक उदाहरण आपल्या नागपूरचेच आहे. जानेवारी १९४९ मध्ये रात्रीच्या हवाई टपालाची योजना सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास या चार दिशांहून निघालेली विमाने मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरला एकत्र येत, टपालाच्या पिशव्यांची अदलाबदल करीत आणि पहाटेपूर्वी आपापल्या शहराकडे परतत. ही योजना १९७३ पर्यंत चालली. चारही शहरांना परस्परांशी स्वतंत्रपणे जोडावयाचे तर सहा मार्ग चालवावे लागले असते. मध्यवर्ती ठिकाण व नेमकी वेळ या दोन गोष्टी साधल्यामुळे ते काम चार मार्गांत झाले. दळणवळणाचे सामर्थ्य केवळ मार्गांच्या संख्येत नसून त्यांच्या जुळणीत असते, हा धडा नागपूरने त्या काळी घालून दिला.

१९५३ मध्ये हवाई वाहतुकीचे राष्ट्रीयीकरण झाले. पुढे १९८१ च्या जानेवारीत ईशान्य भारतातील दुर्गम भागासाठी ‘वायुदूत’ ही स्वतंत्र सेवा निघाली. एअर इंडिया व इंडियन एअरलाइन्स या दोन्ही सरकारी संस्थांनी ती मिळून उभी केली होती. नंतर तिचा विस्तार देशाच्या इतर भागांतील लहान शहरांपर्यंत करण्यात आला. कानपूर येथे हिंदुस्थान एरोनॉटिक्सने बांधलेली एकोणीस आसनी डॉर्नियर विमाने तिच्या ताफ्यात होती. तथापि उत्पन्न व खर्च यांचा मेळ बसेना आणि १९९३ मध्ये ती इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाली. पाठोपाठ १९९४ मध्ये केंद्र शासनाने असा दंडक घातला की, मोठ्या शहरांना जोडणाऱ्या प्रमुख मार्गांवर उड्डाणे करणाऱ्या कंपन्यांनी आपल्या क्षमतेचा ठरावीक हिस्सा ईशान्य भारत, जम्मू-काश्मीर, अंदमान, लक्षद्वीप अशा भागांसाठी व उर्वरित मार्गांसाठीही राखावा. यामुळे सीमावर्ती प्रदेशांची काही प्रमाणात सोय झाली. मराठवाड्यासारख्या अंतर्भागातील लहान शहरांचा प्रश्न मात्र तसाच राहिला. कारण उर्वरित मार्गांची अट मोठ्या व मध्यम शहरांमधील उड्डाणांनीही पुरी होत असे.

‘उडान’ची कार्यपद्धती

जून २०१६ मध्ये राष्ट्रीय नागरी विमान वाहतूक धोरण जाहीर झाले व त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात प्रादेशिक जोडणीची ‘उडान’ योजना आकारास आली. ‘उडे देश का आम नागरिक’ या वाक्यातील आद्याक्षरांवरून हे नाव पडले. २७ एप्रिल २०१७ रोजी पहिल्या उड्डाणांचा शुभारंभ झाला, त्यात शिमला-दिल्ली व कडप्पा-हैदराबाद यांच्या बरोबरीने नांदेड-हैदराबाद हा मार्ग होता. मराठवाड्याचे नाव या योजनेच्या पहिल्याच दिवसाशी जोडलेले आहे, ही अभिमानाची बाब होय.

या योजनेचे अर्थकारण समजून घेणे प्रत्येक लोकप्रतिनिधीस उपयुक्त ठरेल. लहान शहराकडे जाणाऱ्या विमानाला प्रारंभी पुरेसे प्रवासी मिळत नाहीत आणि भाडे वाढविल्यास जे थोडे मिळावयाचे तेही दुरावतात. म्हणून विमानातील सुमारे निम्म्या आसनांचे भाडे शासन मर्यादित करते. प्रारंभी तासाभराच्या प्रवासास २,५०० रुपये ही मर्यादा होती. या सवलतीमुळे कंपनीला जी तूट येते, ती तीन वर्षेपर्यंत अर्थसाहाय्य देऊन भरून काढली जाते. त्यास व्यवहार्यता तफावत निधी असे म्हणतात. या निधीचा ८० टक्के भार केंद्राच्या योजनेवर, तर २० टक्के राज्य शासनावर असतो. केंद्राकडील रक्कम मुख्यतः मोठ्या मार्गांवरील प्रत्येक उड्डाणामागे आकारलेल्या अधिभारातून उभी राहते. म्हणजे महानगराचा प्रवासी लहान गावाच्या प्रवाशाचा भार काही अंशी उचलतो.

राज्य शासनाचा सहभाग एवढ्यावरच संपत नाही. विमानाच्या इंधनावरील मूल्यवर्धित कर या विमानतळांपुरता दहा वर्षांसाठी १ टक्का किंवा त्याहून कमी करणे, पोलीस बंदोबस्त व अग्निशमन सेवा विनामूल्य पुरविणे, वीज व पाणी सवलतीच्या दराने देणे आणि आवश्यक ती जमीन उपलब्ध करून देणे, ही सर्व जबाबदारी राज्याची आहे. ज्या कंपनीला मार्ग मिळतो, तिला त्यावर तीन वर्षांचा एकाधिकार असतो. तीन वर्षांत मार्गाला प्रवाशांची सवय लागावी व पुढे त्याने आपल्या पायावर उभे राहावे, अशी यामागील अपेक्षा आहे.

अपेक्षा आणि अनुभव

ही अपेक्षा कितपत फलद्रूप झाली, याचे उत्तर भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांच्या २०२३ च्या अहवालात मिळते. योजनेच्या तिसऱ्या टप्प्यापर्यंत ७७४ मार्ग मंजूर झाले होते. त्यांपैकी ४०३ मार्गांवर विमान उडालेच नाही. उरलेल्या ३७१ मार्गांपैकी केवळ ११२ मार्गांनी तीन वर्षांची मुदत पूर्ण केली. अर्थसाहाय्य संपल्यानंतरही मार्च २०२३ पर्यंत तग धरून राहिलेले मार्ग होते ५४. मंजूर मार्गांच्या अवघे ७ टक्के.

नाण्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. फेब्रुवारी २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात दिलेल्या माहितीनुसार तोवर या योजनेचा लाभ दीड कोटी प्रवाशांनी घेतला होता, ८८ विमानतळ जोडले गेले होते व ६१९ मार्ग कार्यान्वित झाले होते. याच अर्थसंकल्पात पुढील दहा वर्षांत १२० नवी ठिकाणे जोडण्यासाठी सुधारित योजना घोषित करण्यात आली आणि डोंगराळ व आकांक्षित जिल्ह्यांतील लहान विमानतळ व हेलिपॅड यांचाही तीत समावेश झाला. अर्थात योजना निरुपयोगी आहे असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. कोठे यश आले व कोठे नाही, हे पारखणे अगत्याचे आहे.

राज्यातील काही उदाहरणे घेऊ. कोल्हापूरचा विमानतळ १९३९ मधला, छत्रपती राजाराम महाराजांच्या काळातला. डिसेंबर २०१८ पासून तेथून हैदराबाद व बंगळूरची सेवा सुरू झाली आणि पुढे ती वाढत गेली. उद्योग, शेतमालाचा व्यापार, अंबाबाईच्या दर्शनास येणारे भाविक आणि कोल्हापूरहून तिरुपतीला जाणारे भाविक अशी दोन्ही दिशांची वर्दळ या शहराला लाभलेली आहे.

नांदेडलाही सचखंड गुरुद्वारामुळे देशभरातून यात्रेकरू येतात. डिसेंबर २०१७ मध्ये नांदेड-अमृतसर हा मार्ग सुरू झाला, तो याच बळावर. तरीही प्रारंभीची सेवा देणाऱ्या कंपनीची उड्डाणे २०२२ मध्ये थांबली आणि नांदेडकरांची मोठी गैरसोय झाली. २०२४ मध्ये दुसऱ्या कंपनीने बंगळूर व दिल्लीनजीकच्या हिंडन या ठिकाणांसाठी सेवा सुरू केल्यावर चित्र पुन्हा पालटले. प्रवासी असूनही एकाच लहान कंपनीवर सर्व भिस्त ठेवल्यास काय होते, ते येथे दिसले.

सिंधुदुर्गातील चिपी विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू झाला व मुंबईशी जोडला गेला. तीन वर्षांची मुदत २०२४ मध्ये संपल्यावर मुंबईची ती सेवा खंडित झाली. दरम्यान जानेवारी २०२३ पासून शेजारी गोव्यात मोपा येथे मोठा विमानतळ सुरू झाला होता. तेथे विमाने अधिक, वेळा अधिक व भाड्यात निवडही अधिक. दक्षिण कोकणातील प्रवासी साहजिकच तिकडे वळू लागला. गोंदियाची बिरसी धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली. तेथे प्रवासी सेवा सुरू व्हावयास मार्च २०२२ उजाडावे लागले. ती थांबली आणि डिसेंबर २०२३ मध्ये दुसऱ्या कंपनीने हैदराबादची सेवा पुन्हा सुरू केली.

आपल्या शेजारच्या लातूरचे उदाहरण बीड जिल्ह्याने सर्वांत आधी अभ्यासावे. तेथे धावपट्टी फार पूर्वीपासून आहे. नियमित प्रवासी सेवा मात्र आजवर तेथे स्थिरावलेली नाही.

अलीकडे १६ एप्रिल २०२५ रोजी अमरावतीचा बेलोरा विमानतळ मुंबईशी जोडला गेला. त्यासाठी तेथील धावपट्टी १,८५० मीटरपर्यंत वाढविण्यात आली होती. सोलापूरहून जून २०२५ मध्ये गोव्याची व ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबईची सेवा सुरू झाली. सोलापूर-मुंबई मार्गाची तूट भरून देण्याचा भार राज्य शासनाने स्वतः उचलला. या दोन्ही सेवांची खरी कसोटी अर्थसाहाय्याची मुदत संपताना लागेल.

आसनांचा हिशेब

सेवा का टिकते व का तुटते, हे समजण्यासाठी एक साधे गणित मांडू. शिक्षकांनी ते वर्गातही घालावे. लहान विमानतळांवर बहुधा ७२ आसनांचे पंख्याचे विमान येते. त्याची रोज एक फेरी, म्हणजे एक येणे व एक जाणे, धरली तर दिवसाला १४४ व वर्षाला ५२,५६० आसने होतात. त्यांतील ७० टक्के भरावयाची म्हटल्यास रोज सुमारे १०० व वर्षाला ३६,७९२ प्रवासी हवेत. म्हणजेच दररोज पन्नास माणसांनी जिल्ह्यातून बाहेर जाण्यासाठी आणि पन्नासांनी आत येण्यासाठी तिकीट काढले पाहिजे. तेही केवळ दिवाळीत वा लग्नसराईत नव्हे, तर भर पावसाळ्यात व परीक्षांच्या दिवसांतसुद्धा.

याउलट १९ आसनांचे विमान घेतल्यास रोज दोन्ही दिशांचे मिळून २७ प्रवासी पुरतात. परंतु वैमानिक दोनच लागतात, उतरण्याची व्यवस्था तीच लागते आणि खर्च थोड्या आसनांवर वाटला गेल्याने प्रत्येक आसन महाग पडते. वायुदूतची अडचण बव्हंशी हीच होती. मोठे विमान भरत नाही आणि लहान विमान परवडत नाही, असा हा पेच आहे. तो सोडविण्याचा एक मार्ग म्हणजे एकाच विमानाने दोन-तीन लहान शहरे साखळीने जोडणे.

दुसरी अडचण वेळेची. मुंबईच्या विमानतळावर उतरण्या-उडण्याच्या वेळांसाठी मोठी चढाओढ असते आणि लहान विमानाच्या वाट्याला बहुधा अडनिडी वेळ येते. नवी मुंबईचा विमानतळ डिसेंबर २०२५ मध्ये प्रवाशांसाठी खुला झाल्याने ही कोंडी काहीशी सैल होण्याची शक्यता निर्माण झाली आहे. मराठवाड्यातील लोकप्रतिनिधींनी या संधीवर दृष्टी ठेवावी. नव्या वेळांचे वाटप होत असताना केलेली मागणी अधिक फलदायी ठरते.

परदेशातील दोन धडे

इतर देशांनी हा प्रश्न कसा हाताळला, हे पाहणे उद्बोधक आहे. अमेरिकेत १९७८ मध्ये विमान कंपन्यांवरील निर्बंध उठविण्यात आले. लहान गावांची सेवा त्यामुळे बंद पडू नये म्हणून त्याच वेळी ‘आवश्यक हवाई सेवे’ची तरतूद करण्यात आली व ती आजही चालू आहे. नॉर्वेने १९६८ पासून आपल्या डोंगर-खाड्यांच्या किनाऱ्यावर सुमारे ८०० मीटर लांबीच्या आखूड धावपट्ट्या बांधल्या व तेथे लहान विमाने कायमस्वरूपी सरकारी साहाय्याने चालविली. धावपट्टीच्या मापाचे विमान व विमानाच्या मापाची धावपट्टी असा दोहोंचा एकत्र विचार तेथे झाला.

या दोन्ही देशांनी एक गोष्ट स्पष्टपणे मान्य केली. ज्या ठिकाणी दुसरा मार्गच नाही, तेथे विमानसेवा ही रस्त्याप्रमाणे सार्वजनिक सोय समजावी आणि ती तीन वर्षांत स्वावलंबी होईल अशी अपेक्षा धरू नये. लडाख वा अरुणाचलसारख्या भागांना हे तत्त्व लागू पडते. परंतु जेथे चांगला रस्ता व दोन-तीन तासांच्या अंतरावर मोठा विमानतळ उपलब्ध आहे, तेथे वेगळा विचार करावा लागतो. तलवाडा या दुसऱ्या प्रकारात मोडते. आपण मागासलेले असू, दुर्लंघ्य नाही.

तलवाड्याचा हिशेब

तलवाड्याच्या एखाद्या गृहस्थास तातडीने मुंबईस जावयाचे आहे असे समजू. रात्रीच्या गाडीने रस्त्याने त्यास नऊ-दहा तास लागतात. विमानाने जावयाचे तर गेवराईमार्गे चौपदरी महामार्गाने छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळापर्यंत सुमारे अडीच तास, उड्डाणापूर्वी दीड तास, प्रत्यक्ष विमानात एक तास, बाहेर पडण्यास अर्धा तास व मुंबईत कामाच्या ठिकाणी पोहोचण्यास एक तास. एकूण साडेसहा तास.

आता बीड येथेच विमानतळ झाला व तेथून मुंबईस विमान मिळू लागले असे धरू. तलवाड्याहून बीड तासाभराच्या अंतरावर आहे. बाकी सर्व वेळ तोच. एकूण पाच तास. वाचले ते दीड तास.

दीड तास थोडा नव्हे. पण याच हिशेबात दुसरा आकडा घालून पाहावा. चिकलठाण्याचे विमान सकाळी सातला निघणार असेल आणि गेवराईहून तेथे वेळेवर पोहोचविणारी एस. टी. नसेल, तर प्रवाशास आदल्या दिवशी निघून मुक्काम करावा लागतो अथवा खासगी मोटारीस तिकिटाइतकेच भाडे मोजावे लागते. परतीचे विमान रात्री दहाला उतरले, तरी हीच गत. म्हणजे जवळचा विमानतळ नसल्यामुळे दीड तास जातो, तर वेळापत्रकाची जुळणी नसल्यामुळे अख्खा दिवस जातो. पहिली उणीव दूर करण्यास शेकडो एकर जमीन व मोठा निधी लागेल. दुसरी दूर करण्यास लागेल ते एक वेळापत्रक, एक गाडी व दोन कार्यालयांचा पत्रव्यवहार. नागपूरच्या मध्यरात्रीच्या टपालाने शिकविलेला धडा तो हाच.

आणखी एक प्रश्न प्रामाणिकपणे विचारला पाहिजे. या जिल्ह्यातून दरवर्षी लाखो स्त्री-पुरुष ऊसतोडीसाठी स्थलांतर करतात. विमानाचा त्यांस काय उपयोग? तिकीट काढून ते विमानात बसतील, अशी कल्पना कोणी करू नये. त्यांच्यापर्यंत हवाई दळणवळणाचा लाभ पोहोचतो तो निराळ्या वाटेने. भौगोलिक मानांकन लाभलेल्या बीडच्या सीताफळास दूरची बाजारपेठ मिळते. नाशवंत फळाला एक दिवस वाचणे म्हणजे भाव वाचणे. जिल्ह्यात उद्योग काढू पाहणाऱ्यास ये-जा सुकर होते. महानगरातील तज्ज्ञ डॉक्टर अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयात येऊन त्याच दिवशी परत जाऊ शकतो.

संकटकाळाचा विचार तर स्वतंत्रपणेच करावा लागेल. सप्टेंबर २०२५ मधील अतिवृष्टीत मराठवाड्यातील पुरात अडकलेल्या लोकांच्या सुटकेसाठी हेलिकॉप्टरची मदत घ्यावी लागली. हेलिकॉप्टरला धावपट्टी लागत नाही. लागते ती उंचावरची, पाणी न साचणारी, विजेच्या तारांपासून दूर असलेली, मोकळी व टणक जागा. ऑक्टोबर २०२४ मध्ये ऋषिकेश येथील एम्स रुग्णालयाने हेलिकॉप्टरद्वारे रुग्णसेवा सुरू केली. ऑस्ट्रेलियात तर १९२८ पासून ‘उडता डॉक्टर’ दूरच्या वस्त्यांवर विमानाने पोहोचत आला आहे. गोदाकाठच्या तालुक्यांत अशा जागा आधीच निश्चित करून ठेवणे हे विमानतळापेक्षा कितीतरी स्वस्त व अधिक निकडीचे काम आहे.

स्थानिक पातळीवरील कर्तव्ये

या विवेचनाचा अर्थ बीड जिल्ह्याने विमानतळाची आशाच सोडावी असा नाही. पाच-दहा वर्षांनी वर्दळ वाढेल, रेल्वे परळीपर्यंत जाईल, उद्योग येतील. तेव्हा हा हिशेब बदलेल. मात्र त्या दिवसाची तयारी आजपासून डोळसपणे व्हावयास हवी.

पहिले काम मागणीची मोजदाद. तालुक्यातून वर्षभरात किती लोक मुंबई, दिल्ली, हैदराबाद, बंगळूरकडे जातात, कोणत्या कारणाने, कोणत्या महिन्यांत व कोणत्या वाहनाने, याची नोंद कोठेही एकत्र आढळत नाही. शाळा व महाविद्यालयांनी विद्यार्थ्यांकरवी आपापल्या गावापुरती अशी पाहणी केली, तर भूगोल व गणित या दोन्ही विषयांचा तो उत्तम प्रात्यक्षिक पाठ ठरेल आणि जिल्हा प्रशासनाच्या हाती आकडे येतील. विमान कंपनी निवेदनापेक्षा आकड्यांना अधिक मान देते.

दुसरे काम जुळणीचे. गेवराई आगाराच्या गाड्यांपैकी निदान सकाळची व रात्रीची एकेक फेरी चिकलठाण्याच्या विमानांच्या वेळा पाहून आखता येईल काय, याचा विचार पंचायत समितीने एस. टी. महामंडळाकडे ठराव पाठवून घडवून आणावा. विमानांचे वेळापत्रक वर्षातून दोनदा, मार्चअखेर व ऑक्टोबरअखेर, बदलते. ठरावाची उजळणीही तेव्हाच करावी.

तिसरे काम जमिनीविषयीच्या दक्षतेचे. उद्या एखाद्या गावाच्या शिवारात विमानतळाचा प्रस्ताव आलाच, तर ग्रामसभेने भावनेच्या भरात होकार वा नकार न देता काही प्रश्न लेखी विचारावेत. येथे कोणत्या प्रकारचे विमान उतरणार? कोणत्या शहराशी व कोणत्या वेळी जोडणी होणार? अर्थसाहाय्याची मुदत किती व ती संपल्यावर काय? बागायत जमीन किती जाणार? २०१३ च्या भूसंपादन कायद्यातील सामाजिक परिणामांच्या मूल्यांकनाचा टप्पा ज्या प्रकल्पास लागू असेल, तेथे ग्रामपंचायतीशी विचारविनिमय व जाहीर सुनावणी बंधनकारक असते. ती सुनावणी केवळ सह्यांचा कार्यक्रम होऊ नये. ज्याची जमीन जाते, तो विमानात बसणाऱ्यांपैकी क्वचितच असतो. म्हणून सेवा टिकेल की नाही, हे विचारण्याचा पहिला अधिकार त्याचा आहे.

चौथी बाब धावपट्टी झाल्यानंतरची. विमानतळाभोवती वीस किलोमीटरपर्यंतच्या बांधकामांच्या उंचीवर नियमांनी नियंत्रण असते. दहा किलोमीटरच्या आत उघड्यावर कचरा टाकणे वा जनावरे कापणे यांस मनाई आहे. कारण त्यामुळे घारी-गिधाडे जमतात व ती विमानावर आदळल्यास अपघात होतो. या नियमांचे पालन दिल्लीहून होत नाही, ते ग्रामपंचायतीच्या हद्दीतच व्हावे लागते.

समारोप

हवाई दळणवळण हे दुर्गम भागाच्या विकासाचे एक साधन आहे. विकासाचे प्रमाणपत्र नव्हे. धावपट्टी ही प्रतिष्ठेची खूण मानून जिल्ह्याजिल्ह्यांत स्पर्धा लागली, तर लातूरसारख्या रिकाम्या धावपट्ट्यांत भर पडेल. उलट, आपल्या भागातील माणूस घरातून निघून कामाच्या जागी किती तासांत व किती खर्चात पोहोचतो, हे माप लावले, तर रस्ता, एस. टी., रेल्वे, हेलिपॅड व विमान या सर्वांचा एकत्रित विचार करता येतो.

त्वरितादेवीच्या टेकडीखालील गावाला विमान दारात नको असेल असे नाही. पण पहाटे सुटणारी एक गाडी चिकलठाण्यावर वेळेवर पोहोचली आणि रात्री उतरलेला माणूस त्याच रात्री घरी परतला, तर तलवाडा हवाई नकाशावर आले असे म्हणावयास हरकत नाही. ते घडविणे तालुक्याच्या हाती आहे आणि त्यासाठी कोणाच्याही शेताचा एक गुंठाही लागत नाही.